आत घड्याळ असेल का

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
कडेला केसाएवढी रेघ जास्तीची,
अशी दिसली की काढायची बाजूला. तिची भुकटी व्हायची.
सुटताना झडती, रिकामा डबासुद्धा उघडून.
फाटकाच्या आत तो कागद असतो,
बाहेर गेला की पैसा.
हे मला कुणी शिकवलं नाही, बोटांना कळलं.

म्हणून सुनावणीला गेले.
कचेरीचा तिसरा मजला, एसी, बिस्किटांच्या बशा.
गंगापूर धरणाच्या फुगवट्याला
काचेचा कॅसिनो होणार म्हणे,
पडद्यावर तो आधीच उभा होता,
पाण्यात दिवेसुद्धा पडलेले.
सल्लागार तरुण, नम्र. म्हणाला,
"समाज आता प्रौढ झालाय.
प्रौढ माणसानं आपला पैसा कुठे उडवावा
हे सरकारनं का सांगावं?"
मला पटलं. खरंच पटलं.
मग त्यानं पुढचं चित्र लावलं:
महसूल, कोटींत, पाच वर्षांचा, हिरव्या खांबांत.
प्रौढपणाला दोन मिनिटं दिली होती.
याला पाऊण तास.

पुंजाराम, माझा धाकटा,
बिटको चौकात पानटपरीमागे आकडा लावायचा.
सत्याऐंशी साली उचलला.
खिशात चार चिठ्ठ्या सापडल्या
आणि आईनं दिलेली किराण्याची यादी,
तीही पंचनाम्यात पुरावा म्हणून लागली
(रवा दोन, साखर एक, आकडेच होते ना).
दोन रात्री ठेवला. बाहेर आला तेव्हा
डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं.
आकडा त्यानं सोडला नाही,
बोलणं मात्र जवळजवळ सोडलं.

आता तेच,
खाली गालिचा, वर झुंबर, पावतीवर कर,
की झालं पर्यटन.
रागानं नाही म्हणत.
तेव्हा असा कायदा असता तर
त्याचा कान राहिला असता.
पगार मात्र जातच राहिला असता,
फक्त पावतीसकट.

मीही काही सोवळी नाही.
दर पाडव्याला लॉटरीचं एक तिकीट घेते, सरकारी.
एकदा दोनशे लागले,
त्यांची आणखी तिकिटंच घेतली.
द्राक्षांची वाइन आली तेव्हाही आम्ही कुरकुरलो,
आता पाहुणे आले की आम्हीच नेतो मळ्यात,
ग्लास दांडीला कसा धरायचा ते दाखवायला.
तेव्हा मी कोण नाही म्हणणारी.

एवढंच बोटांना खटकतं,
केसाएवढी रेघ जास्तीची:
ज्या वर्षी तिजोरीला भोक पडलं
नेमका त्याच वर्षी समाज वयात कसा आला?
हा मुहूर्त काढला कुणी?

माइक आला. नाव सांगा, म्हणाले.
सुलभा बोराडे, निवृत्त, प्रेस.
जरा हशा पिकला, नोटा छापणारी बाई म्हणून.
मुहूर्ताचं विचारायचं होतं,
तोंडून दुसरंच निघालं:
"आमच्याकडे भोंगा व्हायचा.
समोर कितीही नोटा असोत, हात थांबायचे.
अख्खा जेल रोड त्यावर कुकर लावायचा.
तुमच्या त्या इमारतीत, आत,
घड्याळ असेल का?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग सहाय्यकाकडे.
"नोंद घेतो," म्हणाला.

घरी पुंजाराम ओट्यावर बसलेला.
काय ठरलं, एवढं डोळ्यांनीच विचारलं.
मी त्याच्या उजव्या बाजूला बसून सगळं सांगितलं,
घड्याळाचंही.
बराच वेळ तो गप्प. मग
कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा
सलग एवढं बोलला:
"मटक्यालासुद्धा वेळ होती, अक्का.
नऊला ओपन, बाराला क्लोज.
बारानंतर माणूस
घरीच जायचा."